विहिरीवरचं फ्लायव्हील

एकतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. दरवर्षी फळ्यावर एक गोल काढायचे, त्याला फिरण्याचा बाण द्यायचे आणि सांगायचे, "हे फ्लायव्हील. इंजिन धक्क्याधक्क्यानं जोर देतं. हे जड चाक तो जोर साठवतं आणि सारखा करून पुढं देतं." मुलं लिहून घ्यायची. खरं फ्लायव्हील मी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी ओळखीच्या एका डॉक्टरांचा बंगला पाडून तिथं फ्लॅट व्हायचे होते. पोर्चमधली त्यांची जुनी, गोल बॉनेटची पेट्रोल गाडी कुणालाच नको होती. मी घेतली. का घेतली, ते घरच्यांना अजून नीट सांगता आलेलं नाही.

गाडी चालायची, पण गिअर टाकला की अंगात हिव भरल्यासारखी थरथरायची. गॅरेजचा मिस्त्री सोलापूरजवळच्या कुंभारीहून रोज येणारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं गिअरबॉक्स उतरवला आणि एक काळं, दातेरी कडेचं लोखंडी चाक माझ्यासमोर पोत्यावर ठेवलं.

"हे काय?"

"फ्लायव्हील, मॅडम."

मी खाली बसून त्याला हात लावला. उचलायला गेले तर एका हातानं उचललंच नाही. माझ्या फळ्यावरच्या गोलाला कधी वजन नव्हतं.

मिस्त्रीनं ते दोरीला टांगलं आणि पान्यानं हलकेच वाजवलं. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला. मग त्यानं बोटानं दाखवलं. मधल्या भोकापासून निघालेली केसाएवढी रेघ होती.

"तडा गेलाय. आत ह्ये मिनिटाला तीन-चार हजार फेरे मारतंय. फुटलं तर तुमच्या पायातनं वर यील."

नवं मिळायचा प्रश्नच नव्हता. ती गाडी निघायची बंद होऊन जमाना झाला होता. जुनं शोधायचं, तर तंतोतंत तसंच हवं. बोल्टाची सहा भोकं त्याच जागी, जाडी तीच, स्टार्टर ज्यांना धरून इंजिन फिरवतो ते कडेचे दात तेवढेच. मी चाकावर वर्तमानपत्राचा कागद पसरला, ग्रीसचं बोट फिरवून भोकांचा ठसा घेतला. दात दोनदा मोजले, दोनदा वेगळे आले. तिसऱ्यांदा खडूची खूण करून मोजले. तो कागद पिशवीत घालून मी दोन महिने सोलापुरातली भंगाराची दुकानं फिरले. कुठं एक भोक कमी, कुठं जाडी नखभर जास्त. दुकानदार मला लांबूनच ओळखून मान हलवायला लागले.

एके दिवशी मिस्त्रीच म्हणाला, "मॅडम, पूर्वी असल्या गाड्यांची इंजिनं काढून विहिरीवर बसवायचे. पाणी उपसायला. दुधनीच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला माझा मेव्हणा ऱ्हातो, त्याच्या शेजारच्या रानात एक बघितल्यालं आठवतंय."

त्याच रविवारी आम्ही त्याच्या छोट्या टेम्पोतून निघालो.

शेतकरी ऐंशीच्या घरातले. त्यांना सगळे अप्पा म्हणत. त्यांची बायको फक्त कन्नड बोलणारी. विहिरीच्या काठावर पत्र्याची शेड होती आणि तिच्यात पोत्यांत गुंडाळून, सुतळीनं बांधून ठेवलेलं काहीतरी होतं.

"बंद हुन लई वर्सं झाली," अप्पा म्हणाले. "लाईट आली, मोटर बसवली."

"मग एवढं बांधून का ठेवलंय?"

प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. "ह्यानं आमाला पाणी पाजलंय की, अक्का. उघडं कसं टाकायचं?"

दरवर्षी तूर घरात आली की नवरा-बायको दोघं मिळून पोती सोडायची, इंजिन पुसायची, ग्रीस लावायची आणि पुन्हा बांधायची. ज्याचा काही उपयोग उरला नाही त्याची ही सेवा. म्हातारीनं स्वतःच्या हातानं सुतळी सोडली. ग्रीसचा थर पुसला, तसं आतलं लोखंड कालच घासल्यासारखं चमकलं.

मिस्त्रीला चाक उतरवायला तास लागला. त्यानं ते लिंबाच्या फांदीला टांगलं आणि पान्यानं वाजवलं. घंटा वाजावी तसा आवाज निघाला आणि विहिरीत उतरून पुन्हा वर आला. चरणाऱ्या शेळ्यांनी माना वर केल्या. आवाज विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग म्हातारी हसली आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली.

"म्हणती," अप्पांनी सांगितलं, "एवढी वर्सं हितं हुतं, बोललं न्हाय कधी."

मी पिशवीतला कागद काढून चाकावर ठेवला. सहाच्या सहा भोकं जुळली. दात मोजले, तेही जुळले.

"तगोंड होग्री," म्हातारी म्हणाली. घेऊन जा.

एक अडचण मात्र होती. पंपाच्या पट्ट्याची पुली बसवायला गावच्या फिटरनं त्या चाकात जास्तीची चार भोकं पाडली होती, तीही अंदाजानं. त्यामुळं चाक एका अंगाला जड झालं होतं. मिस्त्री मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टर्नरकडे घेऊन गेला. पद्मशाली विणकराच्या घरातला तेलुगू म्हातारा, जन्मभर यंत्रमागाचे सुटे भाग करत आलेला. अण्णा. शेजारच्या शेडमध्ये मागांचा खडखडाट चालू होता.

अण्णांनी चाकाच्या मधोमध एक दांडा घट्ट बसवला आणि तो दोन गुळगुळीत पोलादी पट्ट्यांवर ठेवला. पट्ट्या आधी पाणसळ लावून समतल केलेल्या. चाक आपोआप हळूहळू घरंगळलं, मागं-पुढं झालं आणि थांबलं. जड बाजू खाली. अण्णांनी तिथं खडूनं खूण केली.

मी वही काढली. "भोकांची मापं द्या अण्णा, किती लोखंड काढायचं ते मी हिशेबानं सांगते."

त्यांनी ऐकून घेतलं. "हिशेब असू द्या मॅडम. चाकालाच विचारू."

ड्रिलनं चिमूटभर लोखंड काढायचं, चाक पुन्हा पट्ट्यांवर ठेवायचं, ते कुठं थांबतं ते बघायचं. पुन्हा खूण, पुन्हा चिमूटभर. दुपार सरली. वही केव्हा मिटली ते कळलं नाही. शेवटी चाक कसंही ठेवलं तरी थांबायला लागलं, पण मधूनच एका दिशेनं किंचित सरकायचं. अण्णा विचारात पडले. मग उठले आणि डोक्यावरचा पंखा बंद केला. चाक थांबलं. पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं ते!

"आता तुमी बघा," ते म्हणाले.

मी खडूची खूण वर ठेवून हात काढला. चाक तिथंच. डावीकडे ठेवली. तिथंच. खाली, तिरकी, कशीही. कुठल्याच बाजूला त्याचा ओढा नव्हता. मग अण्णा वाकले आणि कडेवर हलकीशी फुंकर घातली. दहा किलोचं ते लोखंड जागचं हललं आणि संथपणे फिरत पुढं गेलं.

एकतीस वर्षं शिकवलेलं सगळं खरं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. डोळे भरून आले. अण्णांनी बघितलं आणि चहा मागवला.

आठवड्यानं मिस्त्रीनं चाक बसवलं. इंजिन सुरू केलं आणि तो बराच वेळ नुसता कान देऊन उभा राहिला. मग शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी गाडी कुंभारीच्या रस्त्याला काढली. गिअर टाकला, थरथर नाही. पुढं रेल्वे फाटक बंद होतं, म्हणून थांबले. आवाज नाही, कंप नाही. मला वाटलं, गाडी बंद पडली. मी पुन्हा चावी फिरवली. आतून करकर असा भयंकर आवाज आला आणि मिस्त्रीनं माझा हात धरला.

"मॅडम, सोडा चावी! चालूच हाय की गाडी!"