हिने जोडलेले वकील

आमच्या हिच्याइतकी माणसं जोडणारी बाई अख्ख्या चारकोपमध्ये नव्हती, आणि जोडलेल्यांपैकी एकही कामाचा निघाला नाही. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. "अहो, सोमवारपासून मी बोरिवलीच्या वकीलसाहेबांकडे बसणार," ही म्हणाली. "खुर्ची देतो म्हणालेत." मी म्हटलं, "बस. आधी वाल संपव."

पंचावन्नाव्या वर्षी ही वकिलीच्या कॉलेजात गेली. मी सातवी पास, लेथवर जन्म गेला. मला त्यातलं काय कळणार? तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, वकिलीत ओळखी लागतात, आत्तापासून वाढवा. वर्गातल्या पोरांनी कार्डं छापली. हिने जन्मभर केलं तेच केलं. दिसेल त्याला गाव विचारलं. गाव कळलं की वाडी, वाडी कळली की कोणाची तरी आत्या, आणि दहा मिनिटांत समोरचा वकील हिचा भाचा नाहीतर दीर. मग वहीत लिहायची: अमुक वकील, कणकवली, तिरफळं घातलेला बांगडा आवडतो. लिहिलं की तो बांगडा डब्यातून निघाला कोर्टात. एकदा कॉलेजात सरावाचा खोटा खटला होता, जज म्हणून एक निवृत्त जजच बसलेले. हिने उभं राहून पहिला प्रश्न केला, "साहेब, तुमचं गाव कुठलं?" पोरं खिदळली. जज म्हणाले, "देवगड. पण बाई, मुद्द्यावर या." घरी येऊन मला म्हणते, "केस हरले हो, पण माणूस आपला निघाला." मी म्हटलं, "तुझे हे आपले लोक डबा धुवून तरी देतात का गं?" दोन दिवस माझा चहा मीच केला.

खुर्ची कबूल केलेले बोरिवलीचे साहेब तर आमच्या थोरल्या वहिनींच्या माहेरचे. तीन वर्षं दर शुक्रवारी त्यांच्याकडे डबा गेला. "काकी, तुमची खुर्ची पक्की," असं दर शुक्रवारी म्हणायचे.

रविवारी पहाटे ही गेली. छातीत कळ आली म्हणाली, मी पाणी आणेपर्यंत संपलं. वहीतल्या सगळ्यांना मीच फोन लावले. कोणी उचलला नाही, कोणी 'अरेरे' म्हणून ठेवला. स्मशानात सोसायटीतले लोक आले, आमची मच्छीवाली आली. काळ्या कोटवाला एकही नाही.

सुतक लागलेलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून साहेबांच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, खुर्ची अडवून कशाला ठेवायची, दुसऱ्या कोणाला तरी देतील. आत चार खुर्च्या, चारही खुर्च्यांवर पोरं बसलेली. पाचवीला जागाच नव्हती. मी म्हटलं, "साहेब, काकी आता येणार नाहीत."

"कोण काकी?"

चाळीस वर्षं मी हिला नुसतं 'अगं' म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा चार माणसांत तिचं नाव घेतलं. आधी नुसतं, मग माझ्या नावासकट, मग तिच्या माहेरचं. साहेब आठवत राहिले.