सतरा नंबरची शाळा

शाळा कशा सुधाराव्यात हे शाळांना सांगायचा मी पगार घेते. प्रश्नावल्या, तपासणीचे तक्ते, शिक्षकांसाठी पुस्तिका, सगळं आमच्या संस्थेत तयार होतं. ('विद्यार्थ्याचं ऐका' ही पुस्तिका माझीच. मुखपृष्ठावरचा कानसुद्धा मीच पसंत केलेला.) आणि माझी स्वतःची मुलगी जुई, इयत्ता आठवी, गणितात दर चाचणीला एकेक पायरी खाली उतरत होती. या वेळी नापास झाली तर वर्ष जाईल, असं शाळेनं बोलावून सांगितलं होतं. मी रोज संध्याकाळी तिला शिकवायला बसले की ती वही हाताखाली झाकून घ्यायची. कुठं अडलंय ते सांगेल तर शपथ! मी पार हताश झाले होते.

तेवढ्यात इंदूरजवळच्या गौतमपुऱ्याकडच्या सोळा हिंदी शाळांसाठी नवी प्रश्नावली तयार झाली. अशी प्रश्नावली आधी एखाद्या मुलाकडून भरून घेऊन बघावी लागते. मूल घरात होतंच. जुईला म्हटलं, आपल्या घराला शाळा समज, मला मॅम समज आणि हिंदीत खरं खरं लिही. नाव लिहायचं नाही, म्हणजे मुलं न घाबरता लिहितात (हा नियमही माझाच, काय सांगू!). शाळेच्या नंबराच्या जागी काय लिहू, तिनं विचारलं. मी म्हटलं, काहीही लिही ग. तिनं आमच्या स्नेहलतागंजच्या घराचा नंबर लिहिला, सतरा. कागद वाचणार इतक्यात फोन आला, म्हणून मी तो तसाच पिशवीत टाकला. पुढच्या आठवड्यात त्याच पिशवीतून गौतमपुऱ्याचे गठ्ठे आणले आणि पिशवी ऑफिसात रिकामी केली.

ऑफिसातल्या मुलींनी आकडे कॉम्प्युटरवर चढवले. आलेखात सोळा शाळांचे खांब ठीकठाक उंच. सतराव्या शाळेचा खांब म्हणजे जमिनीला चिकटलेली रेघ! त्यात त्या शाळेतून कागदही एकच आलेला. यावरून मी निष्कर्ष काढला की बाकीच्या मुलांची लिहायची हिंमतच झाली नसेल. घरी मी हे तावातावानं सांगत होते, तर माझा नवरा सुहास जेवता जेवता म्हणाला, यादीत शाळा सोळा आहेत ना, मग ही सतरावी कुठून आली? तुला यातलं काही समझत नाही, असं म्हणून मी त्याला गप्प केलं. जुई मान खाली घालून भाजी चिवडत होती. तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता!

मग सगळ्या शाळांच्या शिक्षकांची बैठक झाली. मी तक्ता दाखवला आणि सतरा नंबरवर जी घसरले, विचारू नका. असा शिक्षक वर्गात असण्यापेक्षा वर्ग रिकामा बरा, असं बोलले. टाळ्या पडल्या. त्या शिक्षकाला ताबडतोब प्रशिक्षण द्यावं, ही माझी शिफारस आमच्या संस्थेचे प्रमुख दुबे सर यांनी जागच्या जागी मंजूर केली. पण शिक्षक कोण? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी राठौरजींकडे बोट दाखवलं. ते गणित शिकवायचे आणि आमच्या एकाही शिबिराला आलेले नव्हते. मलाही वाटलं, हेच असणार.

राठौरजी उभे राहिले. "मॅडमजी, वो कागज दिखा दीजिए. मेरे बच्चों ने ऐसा लिखा हो, तो मैं खुद नौकरी छोड़ दूँगा."

दुबे सरांनी कागद मागवला. राठौरजी मोठ्यानं वाचायला लागले. मॅम सवाल पण स्वतः विचारतात आणि जवाब पण स्वतःच देतात. फोन आला की उठून जातात. सभेत चुकचुकाट झाला. त्यात सर्वात मोठा आवाज माझा होता.

"नहीं समझा बोलो, तो मॅम बोलती हैं..." राठौरजी अडखळले. पुढचं एकेक अक्षर लावत वाचलं, "एवढं... सोपं... पण... येत नाही का?"

गौतमपुऱ्यात मराठीतून कोण रागावणार? हॉलमध्ये मराठी बोलणारी मी एकटी. एकेक करत सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"अनघाजी," कागदावरच्या सतरा आकड्यावर बोट ठेवून दुबे सर म्हणाले, "आपके घर का नंबर क्या है?"

मी सांगितलं. शेवटची ओळ राठौरजींनी मात्र अगदी हळू वाचली: मॅम मेरी तरफ देखें, तो मैं कॉपी नहीं छुपाऊँगी. (कॉपी म्हणजे तीच वही.) लाज तर वाटलीच, पण त्याहून जास्त रडू आलं. इतके दिवस ती हेच सांगत होती आणि मी तिचा खांब करून भिंतीवर दाखवत होते.

शिफारस मंजूर झालेलीच होती, ती काही मागे घेता येईना. प्रशिक्षण देणारी मीच ठरले होते, तेवढं बदललं. राठौरजी दर रविवारी बहिणीकडे इंदूरला येतात, तिथून आमच्याकडे यायचं त्यांनी कबूल केलं. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर जुईला गणित शिकवतात आणि मी तिच्या शेजारी विद्यार्थिनी म्हणून बसते. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, ही त्यांची एकच अट. परीक्षेचं काय होईल देव जाणे, पण जुईची वही आता टेबलावर उघडी असते.

परवा त्यांनी मला विचारलं, वजाला वजानं गुणलं तर उत्तर अधिक का येतं? मी म्हटलं, नियमच आहे तसा. "वो तो है. पर क्यों?" म्हणाले आणि थांबले. थांबूनच राहिले. (उत्तरासाठी थांबा, हे माझ्याच पुस्तिकेत लिहिलंय.) आत फोन वाजत होता आणि उठायची सोय नव्हती.

"आई," जुई हळूच म्हणाली, "एवढं सोपं पण येत नाही का?"

मी वही हाताखाली झाकून घेतली.