अर्ध्यात तोडलेलं बोलणं

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून मी इंग्रजी वाक्प्रचारांचं बारीकसं पुस्तक आणलं होतं. मराठी माध्यमातून शिकून इंजिनीअर झालेलो. वाळूजच्या कारखान्यात पुण्याच्या साहेबांपुढं जीभ अडखळायची. ‘लाँग स्टोरी शॉर्ट’, ‘बॉटम लाइन’, ‘कट टू द चेस’, म्हणजे थेट मुद्द्यावर या, अशी दोन-चार पाठ केली आणि लोक मला हुशार समजू लागले. हळूहळू मलाही ते पटलं.

पत्रा कापायच्या प्रेसवर लासूर स्टेशनचे एक काका होते. सुपरवायझरची जागा त्या वर्षी त्यांनाच मिळणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. बोलणं मात्र लांबून यायचं. एकदा सकाळच्या मीटिंगमध्ये ते उठले.

"काल पाळी सुटली सायेब, अन् माझा डबा आतच राहिला. म्हणून माघारी गेलो, तर तिथं..."

"काका, कट टू द चेस!" मी म्हणालो.

पुण्याचे साहेब हसले. शेजारच्यानं लगेच री ओढली, "डब्यात भाजी कोणती होती, तेवढं सांगा!" पुन्हा हशा. काका हसले नाहीत.

"काय नाय सायेब. चालू द्या," म्हणाले आणि बसले.

प्रेसच्या डायला, म्हणजे कापायच्या साच्याला, तडा गेला होता. माघारी गेले तेव्हा तो त्यांना दिसला होता. त्याच डायवर कापलेला सगळा माल दोन दिवसांनी परत आला.

चौकशीत ते एवढंच बोलले, "मी सांगत व्हतो." चौकशीला आलेल्या दुसऱ्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "माझ्यापर्यंत काही आलं नाही," मी म्हणालो.

ठपका काकांवर आला आणि सुपरवायझर दुसराच झाला. काका प्रेसवरूनच रिटायर झाले. निरोपाला मी हार घातला, भाषण केलं. तेवढं सोडून सगळं बोललो.

यंदा दिवाळीनंतर फोन केला. गुडघ्यांचं विचारलं, कांद्याचा भाव विचारला. मग कसंबसं म्हणालो, "काका, तुम्ही सांगत होता. मीच तोडलं. आणि चौकशीत खोटं बोललो."

काका म्हणाले, "व्हय. मला ठाव हाये. पण माझ्या पोराला वाटतं, बापानंच हयगय केली. लई बोलतो मला त्यावरून. त्याला सांगता का?"

रविवारी लासूर स्टेशनला गेलो. मुलगा चहा घेऊन आला, साहेब आले म्हणून अदबीनं उभाच राहिला. त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. काका तेवढ्यात उठून ओट्यावर गेले होते.

मुलगा माझ्याकडं न बघता उठला आणि बाहेर बापाशेजारी जाऊन बसला.