डीकनच्या पाच चाली

नवरा गोळी लागून गेला याचं हिट्टी टिल्सनला दुःख झालं, पण ती पाठीत लागली असं सांगणाऱ्याचा तिला जो संताप आला, तो त्या दुःखालाही पुरून उरला. सांगणारा साधासुधा माणूस नव्हता. जोथम वाइल्डर! गावच्या लढाऊ तुकडीचा कप्तान, चर्चचा डीकन म्हणजे कारभारी, वर गिरणीचा मालक. लाल कोटवाल्या इंग्रज शिपायांशी पुलावर झालेल्या चकमकीतून तो घरी आला आणि भर चर्चमध्ये उभं राहून म्हणाला, "एलनाथन टिल्सन आधी पळाला, पाठीत गोळी खाल्ली; त्याच्यामुळे सगळे पळाले." जीभ झडो मेल्याची!

पुढे त्याच तुकडीतला सायलस एक हात गमावून परतला. हिट्टी त्याच्या घरी कपडे शिवायला बसली होती, तेव्हा मान खाली घालून त्यानं खरं ते सांगितलं. एलनाथन शेवटपर्यंत पुलावर उभा होता, गोळी छातीत लागली. पहिली तोफ उडताच कप्तान जो धावत सुटला, तो थेट एका शेतकऱ्याच्या डुकरांच्या खुराड्यात शिरला.

"मग हे चारचौघांत सांग की रे!"

"गिरणी त्याची आहे, हिट्टी. उद्या त्यानं आमचं दळण बंद केलं तर पोरांना काय घालू?"

हिट्टीला तर बोलायचीच सोय नव्हती. आमच्या चर्चमध्ये बायकांनी तोंड उघडायचं नाही असा दंडक. गाण्याला मात्र मनाई नव्हती.

आणि गाणं म्हणजे तरी काय? डीकननं स्तोत्राची एक ओळ वाचायची, चाल धरायची, मागून सगळ्यांनी ती म्हणायची. गावाला येत होत्या पाच चाली. सगळी स्तोत्रं एकाच मापाची, त्यामुळे कुठलंही स्तोत्र कुठल्याही चालीत बसायचं. हिट्टीनं डीकनच्या सगळ्यात लाडक्या चालीत स्वतःचे शब्द बसवले:

तोफ म्हणाली धुडुम एकदा,
कप्तान म्हणाला, "आई!
डुकरीणबाई, सरक जराशी,
मला लपायची घाई!"

शिवणकामाला ती घरोघर जायची, आठवडा आठवडा राहायची. सुई चाले, गाणं चाले. शनिवारी डुकराच्या मांसात घेवडा शिजत असायचा, त्या भांड्याकडे बघून बायका तोंड न झाकता खिदळायच्या. रविवारी डीकननं ती चाल धरली मात्र, सगळ्या बाकांवर खोकल्याची साथ आली.

त्यानं चाल बदलली. हिट्टीनं दुसरं कडवं सोडलं:

सात पिल्लांची माय डुकरीण
मोजून बघते, आठ!
आठव्याच्या कमरेला तलवार,
चिखलात रुतली पाठ!

तिसरी चाल गेली, चौथीही गेली. डीकनचा गळा बसायला लागला. लोक गिरणीवर पोती उतरवताना नुसते गुणगुणायचे, आणि गुणगुणल्याबद्दल कुणाचं दळण बंद करणार?

शेवटी तो स्वतः आला. हिट्टी तिच्या मैत्रिणीकडे, प्रूडन्सकडे, कोट शिवत होती.

"टिल्सनबाई, किती छळाल? वर्षभराचं पीठ घरपोच देतो, पण हे थांबवा."

"पीठ ठेवा तुमच्या डुकरांना. जे खोटं चर्चमध्ये उभं राहून बोललात, ते तिथंच उभं राहून मागं घ्या."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "एक चाल उरलीय अजून. एलनाथन गेल्याची बातमी आली, तेव्हा तुमच्या दारात आम्ही म्हटली ती. येत्या रविवारी तीच धरणार. लावा हात, असेल हिंमत तर!"

हिट्टीच्या हातातली सुई थांबली. एलनाथनचं प्रेत घरी आलंच नव्हतं. थडगं नाही, काही नाही. ती चाल हेच तिचं थडगं होतं, आणि हा भेकड नेमका त्या चालीच्याच आड लपत होता. पुन्हा!

ती रडली, आणि रडता रडताच तिनं कडवं रचलं.

रविवारी डीकननं निवांतपणे स्तोत्राची ओळ वाचली आणि ती संथ चाल धरली. बाकांवर कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. मग मागून सायलसचा जाडाभरडा आवाज उठला, आणि त्याच्या तोंडी स्तोत्र नव्हतं, हिट्टीचं कडवं होतं:

छातीत गोळी घेऊन पडला
पुलावर तिचा धनी;
पाठीला घाण माखून परतला,
तोच इथला अग्रणी.

दुसऱ्यांदा म्हणताना अख्खं चर्च त्याच्या मागे होतं. डीकननं पुस्तक मिटलं. "मी पळालो," तो म्हणाला. "टिल्सन नाही पळाला." आणि तो जिथं होता तिथंच खाली बसला.

सोमवारी प्रूडन्स हिट्टीच्या घरी आली, तर ही बाई सुईदोरा मांडीवर ठेवून पुटपुटतेय, बोटांवर मात्रा मोजतेय.

"अगं, आता कशाला? सगळ्या गावासमोर नाक घासलं ना त्यानं!"

"घासलं," हिट्टी म्हणाली. "काल झोपायच्या आधी एलनाथनसाठी त्या पाचव्या चालीतलं स्तोत्र म्हणायला बसले, प्रू. तीनदा बसले. तिन्ही वेळा तोंडात त्या मेल्याची घाणच आली. माझ्या माणसाचं तेवढंच होतं माझ्याजवळ, तेही त्यानं मलाच नासवायला लावलं."

हिट्टीनं सुईत दोरा ओवला.

"सरक जरा, उजेड अडवू नकोस. त्याच्यावरच्या या नव्या कडव्याला आता नवी चाल शोधते, आणि हे हसं त्याच्या पोराबाळांना पुरेल."