फ्यूज मागायला आलेला हात

या ग्रुपवरचे अनुभव मी बरेच दिवस नुसते वाचते. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मला रचलेले वाटायचे... अजूनही वाटतात. म्हणूनच स्वतःचा लिहायला इतका उशीर केला.

आम्ही झाशीच्या रेल्वे कॉलनीत राहायचो. बाबा इलेक्ट्रिकलमध्ये होते. माझी शाळा इंग्रजी, बाहेर सगळं हिंदी, मराठी फक्त घरात. आणि एकूणच मी कमी बोलायचे. दार वाजलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे.

कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात आमच्या ओळीतली जमिनीखालची जुनी केबल बदलायला काढली. आतल्या तारांवर गुंडाळलेला कागद ओल धरून कुजला होता, सारखी कुठेतरी केबल उडायची आणि वीज जायची. काम सुरू करताना बाबा कोपऱ्यावरच्या पिलर बॉक्समधले, म्हणजे ओळीला वीज देणाऱ्या पेटीतले, तिन्ही फ्यूज काढून घरी आणायचे. बॉक्सचं कुलूप तुटलेलं होतं. उकाड्याला वैतागून कोणी फ्यूज परत बसवले, तर केबलला हात लावलेला माणूस जागच्या जागी जाणार. म्हणून फ्यूज माझ्याकडे.

"चिमे, मी स्वतः मागेन तेव्हाच द्यायचे."

विजेच्या कामात अंगावर धातू नको, म्हणून बाबा हातातलं स्टीलचं घड्याळही काढून घरी ठेवायचे.

त्या दुपारी आई मानिक चौकात गेली होती. मी टेबलाशी बसले होते; समोर फ्यूज आणि घड्याळ. बाहेर शेजारच्या आंटी बाबांना विचारत होत्या, "भाईसाहब, पंखा कब चलेगा? हम तो पापड़ हो गए."

"हम भी गड्ढे में भुन ही रहे हैं, भाभीजी."

मग सगळं शांत झालं. थोड्या वेळानं जाळीच्या दाराशी आवाज आला, "चिमे, फ्यूज दे दो."

आवाज बाबांचाच. मी फ्यूज उचलून उठलेसुद्धा. पण बाबा माझ्याशी हिंदी बोलत नाहीत. कधीच नाही. मुलगी मराठी विसरेल म्हणून त्यांचा तो हट्टच होता. मी थांबून विचारलं, "काम झालं का, बाबा?"

"दे दो."

दाराच्या कडेला फक्त हात दिसत होता. दुमडलेली बाही, मातीनं भरलेली बोटं, अंगठ्याचं काळं पडलेलं नख — बाबांचंच. आणि मनगटावर स्टीलचं घड्याळ.

मी टेबलाकडे पाहिलं. घड्याळ तिथेच होतं.

घाबरले असंही म्हणता येणार नाही. फ्यूज छातीशी धरून मागच्या दारानं निघाले आणि ओळीला वळसा घालून खड्ड्याशी गेले. बाबा आत उकिडवे बसले होते. दोन्ही हात केबलच्या उघड्या तारांवर.

"तुम्ही आत्ता घरी आला होतात?"

केबलचे जोड करणारे रामसेवक भैया हसले. "साब तौ इतईं बैठे हैं, बिन्नू. पानी तक नईं पिओ."

मी सगळं सांगितलं. चारचौघांत, एका दमात. बाबा हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "चिमे म्हणाला?" घराबाहेर ते नाव कुणाला माहीत नव्हतं. ते स्वतः जाऊन बघून आले. पुढच्या जाळीच्या दाराची कडी आतून तशीच होती, बाहेर कोणी नाही.

जोड अर्ध्यात सोडता येत नाही. बाबा पुन्हा खड्ड्यात उतरले. मी काठावर फ्यूज मांडीत घेऊन बसले आणि त्यांच्यावरची नजर हलवली नाही.

संध्याकाळी ते वर आले. "दे, झालं काम." मराठीतच. हात पुढे केला. मनगट मोकळं होतं. तरी माझी बोटं सुटेनात. ओळीतले सगळे पायऱ्यांवर बसून बघत होते. बाबांनी ओढून घेतले नाहीत. रामसेवक भैयांनाही वर बोलावलं, मग म्हणाले, "बघ, खाली कोणी नाही."

मी वाकून पाहिलं. मग दिले.

तो हात कुणाचा, हे बाबांनाही सांगता येत नाही. शेजारच्या कुणीतरी नक्कल केली असेल म्हणावं, तर ते नाव आणि घड्याळ उरतातच. तर्क करून मी दमले आहे. पण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे, आणि तीच झोपू देत नाही — त्यानं मराठीत मागितले असते, तर मी मान वर न करता दिले असते.