मतांना घातलेली शपथ

मला राजकारणात नवऱ्यानं आणलं आणि देवीनं बाहेर काढलं.

सोलापुरातला आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि वर्षानुवर्षं तिकिटाची वाट बघणाऱ्या यांनी मला उभं केलं. मला भाषण येत नव्हतं. गटार, पाणी, रस्ता यातलं काही कळत नव्हतं. कळत होता तो देवाचा धाक. (नातवंडांना वाटतं, आजी पहिल्यापासून शहाणी. असू द्या गैरसमज.) मी म्हटलं, "आश्वासनं कशाला? बायकांना मताची शपथच घालते."

सासूबाईंनी शपथेचं ताट उचललं, मी पुढं. शेजारच्या घरी बेल-भंडारा, शहनाजभाभींकडं दर्ग्याचा ऊद, गंगव्वाकडं विभूती आणि यंत्रमागवाल्यांच्या गल्लीत पद्मक्काकडं त्यांच्या देवीचं कुंकू. ज्याचा जो देव, तो मी प्रचाराला जुंपला! प्रत्येकीच्या कानात सांगितलं, "तुमच्या धर्माचं बघणारी मी एकटीच. बाकीच्यांचं सोडा."

"हौ," शहनाजभाभी म्हणाल्या.

"आय्तु," गंगव्वा म्हणाली.

"सरे," पद्मक्का म्हणाली.

कुणी वाद घातला नाही की गटाराचं विचारलं नाही. ताटावर हात ठेवताना प्रत्येकीची नजर माझ्याकडं नसायची. माझ्या खांद्यामागं कुणी उभं असावं तशी तिथं लागलेली असायची. मला वाटलं, केवढी ही भक्ती.

प्रचार संपायच्या दिवशी, दिवेलागणीला पद्मक्काचं बोलावणं आलं. त्या गल्लीत मागांचा खडखडाट इतका, की माणसं ओरडूनच बोलतात. सासूबाईंनी आणि मी गल्लीत पाऊल टाकलं आणि सगळे माग एका दमात थांबले. वीज गेली असणार. पण मला वाटलं, गल्लीनं तोंड मिटलं. हवेत सुताची कुसं तेवढी तरंगत होती.

अंगणात एकच दिवा होता. शपथ घेतलेल्या साऱ्या बायका, सगळ्या जातीधर्मांच्या, मांडीला मांडी लावून बसलेल्या. कुणी 'या' म्हटलं नाही. मधोमध केस सोडलेली पद्मक्का घुमत होती.

तेलुगू बोलणाऱ्या पद्मक्काला मराठीची दोनच वाक्यं यायची, 'चहा घ्या' आणि 'नळ गेला'. तिनं मान वर केली आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "माझ्या नावानं मत कुणी मागितलं?"

वारा नव्हता, तरी दिव्याची ज्योत माझ्याकडं वळली.

"बायांना बांधलंस. त्यांच्यासंगं मलाबी बांधलंस. मला इचारलं हुतंस?"

गंगव्वा माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "अक्का, सुटली म्हना की. लेकरंबाळं हायती आमची."

(शपथ घालणाऱ्यानं आपल्या तोंडानं 'सुटली' म्हटलं, की ती मोडत नाही, सुटते. हे लहान पोरांनाही ठाऊक असतं.)

माझी निवडणूक आणि यांची इतक्या वर्षांची आशा त्या एका शब्दावर लटकली होती. मी आशेनं शहनाजभाभींकडं वळले. "तुमचा तर देवीशी संबंध नाही. तुम्ही तरी सांगा काही."

"मैं क्या बोलूं भाभी? हमारे बाबा और इनकी देवी एकीच गली में रहते. आपस में बोल लिये हुइंगे."

खुर्ची गेली तर गेली, मान शाबूत राहू दे. मी पुटपुटले, "सुटली."

"कुणाची?" देवीनं विचारलं.

"सगळ्यांची. सगळ्यांची सुटली."

त्याच क्षणी गल्लीतले सगळे माग एकदम सुरू झाले. पद्मक्कानं केस बांधले आणि म्हणाली, "चहा घ्या."

मी अशी पडले, की जिंकलेलीलाच माझी दया आली. निकालाच्या दिवशी हे भिंतीकडं तोंड करून झोपले. मी सासूबाईंपाशी रडत बसले. "आत्या, साऱ्या वॉर्डानं दगा दिला. तुमचं एक मत तेवढं माझं."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सगळ्यांची सुटली म्हनालीस न्हवं का? पयली शपथ तर तू मलाच घातली हुतीस."

त्यांच्यावर मी चिडणार होते. पण मतयंत्रापुढं उभी राहिले तेव्हा माझ्याही खांद्यामागं कुणीतरी उभं होतं, आणि स्वतःच्या नावाचं बटण दाबायला मीसुद्धा धजले नव्हते.