उतरलेला साज

पलूसच्या एसटी स्टँडमागं माझं कुरिअरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक वजनकाटा आणि छतापर्यंत रचलेली खोकी. माझं नाव प्रशांत, पण लोक मला पार्सलवाला म्हणतात. त्याचा मला राग नाही. मला राग आहे तो परत येणाऱ्या पार्सलांचा. लग्नात मिरवलेली साडी लग्न उरकलं की 'रंग आवडला नाही' म्हणून परत जाते. नवा मिक्सर मागवून त्याच खोक्यात घरातला जळका मिक्सर भरून माघारी धाडणारे महाभागही मी पाहिलेत. हे सगळं माझ्याच काट्यावरून जातं. वर ही माणसं मला डोळा घालून सांगतात, ॲपवाल्यांचं काय जातंय. ॲपवाल्यांचं काहीच जात नाही, हे खरं आहे. ज्यांचं जातं त्यांच्यातल्या एका बाईची ही गोष्ट.

तिचं नाव बनुबाई. कडेगावच्या रस्त्याला आमच्यापासून चार मैलांवर तिचं गाव. वय विचारलं तर म्हणते, साठाच्या अल्याड की पल्याड ते तूच ठरव. ती बैलांचा साज करते. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावर बसणारा दोरीचा, लोकरीचा विणलेला पट्टा, शिंगांचे गोंडे, गळ्यातली घुंगरमाळ आणि पाठीवरची झूल, असं सगळं ती हातानं बनवते. नवरा हरिबा होता तोवर ती घरात बसून विणायची आणि तो बाजारात बसून विकायचा. तो गेल्यावर ती स्वतः बाजारात बसायला लागली. गिऱ्हाईक यायचं, झुलीवरून हात फिरवायचं, आणि विचारायचं, मालक कुठं गेले. मालक मीच, असं ती म्हणाली की गिऱ्हाईक हसून पुढच्या पालावर जायचं. तिथं तिच्यापेक्षा वाईट साज घेऊन एक मिशीवाला बसलेला असायचा.

मग तिनं फोन घेतला. कसा शिकली विचारू नका, मला छळून शिकली. ॲपवर दुकान उघडलं तेव्हा मी म्हणालो, मावशी, काहीतरी झकास नाव देऊ. ती म्हणाली, माझं नाव काय वाईट हाय? तेव्हापासून दुकानाचं नाव आहे 'बनुबाई हरिबा, बैलांचा साज'. पहिल्या पार्सलावर ते नाव छापून आलं तेव्हा तिनं मला ते मोठ्यानं दोनदा वाचायला लावलं. काउंटरवर चार माणसं उभी होती, त्यांनाही ऐकावं लागलं.

तिची कामाची एक रीत आहे. तयार मापाचा साज ती विकतच नाही. मागणी आली की ती गिऱ्हाइकाला फोन करून सांगते, दोन्ही बैलांचं माप सुतळीनं घ्या, सुतळीला गाठी मारा आणि पट्टीवर ठेवून फोटो पाठवा. आणि डाव्या अंगाला कुठला बैल उभा राहतो तेही सांगा. जोडीतल्या दोन बैलांची तोंडं कधी सारखी नसतात, त्यामुळं डाव्याचा साज वेगळा आणि उजव्याचा वेगळा. डाव्याच्या म्होरकीत ती एक पिवळा धागा घालते, म्हणजे गल्लत व्हायला नको. तशी चिठ्ठीही पार्सलात टाकते. अर्थात चिठ्ठ्या वाचतो कोण.

गेल्या वर्षी बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, आधी लोणंदकडच्या ऋषिराज नावाच्या माणसानं पूर्ण जोडीचा साज मागवला. बनुबाईनं तीन आठवडे मान वर केली नाही. सणाच्या चार दिवस आधी पार्सल पोचलं, तशी पोच आली. बेंदूर झाला. आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी ऋषिराजसाहेबांची तक्रार आली. माप बसत नाही, माल हलका आहे, फोटोप्रमाणे नाही, एकदाही वापरलेला नाही. ॲपनं तासाभरात परतीला मंजुरी दिली. विकणाऱ्याला विचारायची पद्धत नसावी.

परतीचं पार्सल माझ्या काउंटरवर आलं आणि बंद पिशवीतून गोठ्याचा वास सुटला. एकदाही न वापरलेल्या वस्तूला इतका वास मी तोवर घेतला नव्हता. मी बनुबाईला तीन तीनदा बजावलं. घरी जाऊन फोन उभा करायचा, आधी पार्सलावरचा पत्ता दाखवायचा, मग न थांबता उघडायचं आणि सगळं चित्रित करायचं. तेवढाच एक पुरावा ॲप मानतं. ती व्हय व्हय म्हणाली आणि पार्सल काखेला मारून गेली.

घरी गेल्यावर उंबऱ्याबाहेर बसून तिनं पिशवीची कड फाडली, तर हातावर गुलाल सांडला. आता त्यांच्या घरात अशी चाल आहे की बैलाच्या अंगावरचा गुलाल घेऊन आलेली वस्तू पाणी दाखवल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. सासूनं लावलेलं वळण. चाळीस वर्षं केलेलं काम हातानं आपसूक केलं. तिनं तांब्याभर पाणी ओतलं, मग सगळा साज बादलीत बुडवून काढला, आणि वळणीवर टाकल्यावर तिला फोनची आठवण झाली. गुलाल अंगणातून वाहून गेला, शिंगांचा लाल रंग निघून गेला, दोरीत अडकलेले बैलाचे केसही गेले. दुसऱ्या दिवशी ती हे सांगायला आली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. आईच्या वयाच्या बाईवर ओरडलो याची लाज वाटते, पण संतापच तसा आला होता.

ॲपचं उत्तर फार गोड भाषेत आलं. आपण पुरावा देऊ शकला नाहीत. वस्तू सुस्थितीत असल्यानं पुन्हा विक्रीला ठेवावी. फोटोपेक्षा वेगळा आणि हलका माल पाठवल्याची तक्रार मान्य करावी, किंवा ग्राहकानं ती मागं घ्यावी. सात दिवसांत यातलं काही न झाल्यास आपलं दुकान बंद करण्यात येईल. सहकार्याबद्दल धन्यवाद.

खाली 'मान्य' असं बटण होतं. मी म्हणालो, मावशी, दाबून टाका. एक ताकीद मिळेल, दुकान चालू राहील. साज वाळला की गोंडे झटकून दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका. मला वाटलं मी शहाणपणाचं बोलतोय.

तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी काट्याची धूळ पुसायला लागलो. ती म्हणाली, "बेंदराला ज्या बैलाच्या अंगावर साज चढला, त्यो त्याचा झाला. त्याचा उतरलेला साज दुसऱ्याच्या बैलाला घालू? आन माल हलका हाय असं माझ्याच बोटानं लिवून देऊ? दुकान बंद झालं तर होऊ दे. त्यावर माझं नाव हाय, परशांत. त्या नावाखाली ह्ये न्हाई लिवायचं."

मी बटण सोडून दिलं. मग डोकं चालवलं. ज्या माणसानं सणासाठी साज घातला, तो ते जगाला दाखवल्याशिवाय राहील का? ऋषिराजचं नाव फोनवर शोधलं आणि दोन मिनिटांत सापडलं. बेंदराची मिरवणूक, काळा चष्मा लावून पुढं तो, मागं दणदणणारं गाणं आणि त्याच्या मागं बैलांची जोडी. बारा हजार लोकांनी पाहिलेला व्हिडिओ. बनुबाईनं तो पाच वेळा लावायला सांगितला. ती ऋषिराजकडं बघतच नव्हती, बैलांकडं बघत होती. आणि पाचव्या वेळी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

डाव्याची म्होरकी त्यानं उजव्याला घातली होती. पिवळा धागा उजव्या बैलाच्या कपाळावर लख्ख दिसत होता. एकाला साज आवळत होता आणि तो सारखं डोकं झटकत होता, दुसऱ्याची म्होरकी नाकावर घसरत होती. माप कुठून बसणार होतं? चिठ्ठी न वाचता जोडी उलटी सजवायची, दिवसभर मिरवायचं, आणि वर बाईला म्हणायचं माल हलका.

व्हिडिओ ॲपला पाठवला. बाहेरचे व्हिडिओ ग्राह्य धरले जात नाहीत, असं उत्तर आलं. सातातले तीन दिवस यातच गेले.

चौथ्या दिवशी सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, साज पिशवीत भरून दुकानात आली. म्हणाली, लोणंदला चालले, गाडी किती वाजता आहे तेवढं बघून सांग. पार्सलावर पत्ता होताच. मी तिला समजावलं की अनोळखी माणसाच्या दारात असं जाऊ नये. तिनं विचारलं, त्याचं पार्सल माझ्या दारात आलं न्हाई का? मग मी शटर ओढलं आणि सोबत निघालो. तिच्या काळजीनं निघालो असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे मला त्या चष्मेवाल्याचं तोंड बघायचं होतं. किर्लोस्करवाडी स्टेशनवर गाडी धरली. वाटेत तिनं ओल्यानं ढिले झालेले दोन गोंडे पुन्हा घट्ट वळले.

लोणंदच्या कडेला त्यांचं घर. स्लॅबचं, दारात चारचाकी, बाजूला पत्र्याचा गोठा. ऋषिराज बाहेर आला. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. आम्ही कोण हे कळल्यावर आधी गोरामोरा झाला, मग सावरून पॉलिसी सांगायला लागला. परत करायची सोय ॲपनंच दिली आहे, काय असेल ते ॲपवर बोला, घरी यायचं कारण नाही. बनुबाई सरळ गोठ्याकडं चालू लागली.

गोठ्यात बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ऋषिराजचे आजोबा, नाथाजी. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "आवं, डाव्या अंगाला ह्यातला कोन ऱ्हातो?"

त्यांनी चेहऱ्यावर पांढरा ठिपका असलेला बैल दाखवला. बनुबाईनं पिशवीतून पिवळ्या धाग्याची म्होरकी काढली आणि त्याच्या तोंडावर चढवली. अगदी बेताची बसली. बैलानं मानसुद्धा हलवली नाही. नाथाजी काठी टेकून उठले, जवळ आले, म्होरकी हातानं चाचपली. हा तर आमचा बेंदराचा साज, ते म्हणाले. नातवानं त्यांना साज धुवायला दिलाय असं सांगितलं होतं. दसऱ्याला पुन्हा घालू म्हणून ते रोज त्याची चौकशी करत होते.

बनुबाईनं त्यांना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, एक शब्द वाढवला नाही. साज कसा परत आला, काय लिहून आला, आणि तीन दिवसांनी तिचं दुकान का बंद होणार आहे. ऋषिराज मध्येच म्हणाला, सगळेच करतात आजोबा, त्यात काय एवढं. नाथाजींनी त्याच्याकडं वळून पाहिलं.

"बेंदराला बैलांच्या पाया पडलास, फोटू काढलंस. आन तिसऱ्या दिशी त्येंच्या अंगावरचं काढून माघारी इकलंस व्हय रं?"

ऋषिराजची मान खाली गेली. मी ज्याच्यासाठी आलो होतो ते तोंड मला बघायला मिळालं, आणि खोटं कशाला बोलू, समाधान वाटलं.

नाथाजींनी बंडीच्या खिशात हात घातला. बनुबाईनं त्यांना थांबवलं. तुमच्याकडून काही नको, म्हणाली, ज्यानं घेतलं तो देईल. आणि ऋषिराजसमोर जाऊन उभी राहिली. ज्या फोनवरून माल हलका म्हणून लिहिलंस, त्याच फोनवरून आता खरं लिही. त्यानं आजोबांकडं पाहिलं, फोन काढला, तक्रार मागं घेतली आणि कारणात लिहिलं, गैरसमज झाला होता. तिनं मला ते वाचायला लावलं.

"गैरसमज न्हाई," ती म्हणाली. "घातला, मिरवला, माघारी धाडला. असं लिव."

त्यानं तसंच लिहिलं. मग साजाचे पैसे फोनवरून दिले. ते तिनं पुरते घेतले, राहू द्या वगैरे काही म्हटलं नाही. निघण्याआधी दुसऱ्या बैलालाही स्वतः साज चढवला, दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि नाथाजींनी आग्रह केला म्हणून उभ्या उभ्या चहा घेतला.

दुकान वाचलं. दोन दिवसांनी ॲपचा निरोप आला की तक्रार मिटली आहे, मात्र यापुढं ग्राहकांशी अधिक सौजन्यानं वागावं. मी चिडून काउंटरवर हात आपटला. बनुबाईनं शांतपणे सांगितलं, दुकानाच्या पानावर एक ओळ घाल. तिनं सांगितली तशी मी घातली. 'बैलाच्या अंगावर चढलेला साज परत पाठवू नये. पाठवल्यास मी स्वतः घेऊन येईन. बनुबाई.' ॲपनं ती ओळ दोनदा काढून टाकली. आम्ही ती तिसऱ्यांदा घातली आहे.

यंदाच्या बेंदरानंतर दोन साज परत आले. या वेळी तिनं पाण्याचा तांब्या दूर ठेवला आणि पार्सलं माझ्या काउंटरवरच, फोनसमोर उघडली. दोन्हीकडून गुलाल सांडला. ॲपला काय पाठवायचं ते मी पाठवतो आहे. तिनं मात्र दोन्ही पत्ते मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावले. एक फलटणकडचा होता आणि एक जतचा. ऐकून झाल्यावर तिनं पिशवी उचलली आणि विचारलं, जतला इथनं थेट एसटी हाय का?